दहा मीटर तांबं

मागच्या शनिवारी तपकीर गल्लीत वेल्डिंगची केबल घ्यायला गेलो होतो. ७० स्क्वेअर एमएम, दहा मीटर. दुकानदाराने आधी माझ्याकडे आणि मग पाठीवरच्या लॅपटॉपच्या सॅककडे बघितलं.

"वर्कशॉप टाकताय का साहेब?"

म्हटलं नाही, जीपला लावायचीय.

"जीपला एवढी? स्टार्टरला तर यापेक्षा निम्मी पुरते की!"

त्याचं बरोबर होतं. ही केबल अंगठ्याएवढी जाड. रबरासकट वेटोळं सात-आठ किलोचं, त्यात सहा किलोच्या वर निव्वळ तांबं. ते खांद्यावर टाकून पार्किंगपर्यंत चालत येताना मी विचार करत होतो, की आपण घरात ज्या वायरवर गीझर चालवतो ती पेन्सिलीपेक्षा बारीक असते. मग एका साडेपाच हॉर्सपॉवरच्या मोटरसाठी हा अजगर कशाला लागतो?

उत्तर शोधता शोधता रविवार गेला आणि गाडी १८२७ सालापर्यंत मागे गेली. तर मंडळी, आजचा विषय हा.

ज्यांना ऑफरोडिंगचा नाद नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. विंच म्हणजे गाडीला लावलेला रहाट. एक ड्रम, त्यावर गुंडाळलेला पोलादी दोर, आणि ड्रम फिरवायला मोटर. गाडी चिखलात रुतली की दोराचं टोक समोरच्या झाडाला बांधायचं आणि बटण दाबायचं. गाडी स्वतःच स्वतःला ओढून काढते. बहुतेक लोक विंच पुढच्या बंपरवर लावतात. पण नाक चिखलात गेलं असेल तर शहाणपण बहुतेक वेळा आल्या वाटेने मागे जाण्यात असतं, कारण मागचा रस्ता आपण नुकताच पार केलेला असतो. त्यासाठी विंच मागे हवा. स्पर्धांतल्या गाड्यांना तर दोन्हीकडे असतो. मलेशियात १९९७ साली सुरू झालेली रेनफॉरेस्ट चॅलेंज २०१४ पासून गोव्यात भर पावसाळ्यात होऊ लागली, तिथल्या गाड्या बघितल्यावर आमच्या ग्रुपला हा किडा चावला.

आता गंमत अशी, की गाडीवरचा विंच मुळात विजेवर चालतच नव्हता. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याचे अडीच टनी जीएमसी ट्रक होते, त्यातल्या बऱ्याच ट्रकना पुढे विंच असायचा आणि तो फिरवायचं काम ट्रकचं इंजिनच करायचं. गिअरबॉक्समधून एक फिरता दांडा बाहेर काढलेला असे, त्याला पीटीओ म्हणतात. आपल्याकडे ट्रॅक्टरला रोटाव्हेटर किंवा मळणीयंत्र जोडतात तोच प्रकार. युद्ध संपल्यावर १९४५ साली विलीजने जीपचं बिनलष्करी मॉडेल काढलं, सीजे-२ए, ते शेतकऱ्यांना डोळ्यासमोर ठेवून. त्यालाही मागच्या बाजूला पीटीओ घेता येत असे. १९४८ ची पहिली लँड रोव्हर तर शेतीसाठीच बनवलेली. म्हणजे त्या काळात गाडीच्या मागे ताकद न्यायची असेल तर लोखंडी शाफ्ट न्यायचा, हे सरळ होतं. गळती नाही की तापणं नाही. इंजिन चालू आहे तोवर दिवसभर ओढत बसा.

पण शाफ्टला वळण घेता येत नाही. प्रत्येक वळणावर युनिव्हर्सल जॉइंट, प्रत्येक जॉइंटला ग्रीस, आणि प्रत्येक मॉडेलच्या गिअरबॉक्सला वेगळं फिटिंग. शिवाय इंजिनच बंद पडलं (आणि गाडी ओढ्यात अडकते तेव्हा नेमकं तेच होतं) की विंचही बंद.

१९५९ साली वॉर्न नावाच्या अमेरिकन कंपनीने हौशी लोकांसाठी बॅटरीवर चालणारा विंच बाजारात आणला. ही कंपनी १९४८ साली सुरू झाली ती युद्धातून उरलेल्या जीपना लॉकिंग हब पुरवण्यासाठी. हब म्हणजे टू-व्हील ड्राइव्हवर चालताना पुढची चाकं बाकीच्या यंत्रणेपासून सोडवायची सोय. पुढे १९७४ मध्ये त्यांनी ८२७४ हे मॉडेल काढलं, ८००० पौंड ओढणारं, म्हणजे सुमारे ३६०० किलो. ऑफरोडवाल्यांच्या गप्पांत हा आकडा अजूनही देवाच्या नावासारखा घेतात.

विजेच्या विंचने शाफ्ट घालवला आणि त्या जागी दोन वायरी आणल्या. वायर कशीही वळते, कोणत्याही गाडीला लागते. आणि विंच पुढच्या बंपरवर असेल तर बॅटरी अगदी शेजारी, हात-दोन हात अंतरावर. इथपर्यंत सगळं आलबेल आहे. घोळ होतो तो विंच मागे न्यायचा म्हटला की.

हा घोळ ओमने आधीच कागदावर मांडून ठेवला होता. गेऑर्ग ओम या जर्मन शिक्षकाने १८२७ मध्ये आपलं पुस्तक छापलं तेव्हा त्याच्या देशात त्याचं फारसं कौतुक झालं नाही. लंडनच्या रॉयल सोसायटीने कोपली पदक दिलं ते १८४१ मध्ये. आपण बारावीत जे पाठ करतो तेच: व्होल्टेज बरोबर करंट गुणिले रोध. वायर लांब केली की रोध वाढतो, जाड केली की कमी होतो. पण खरी मेख पुढच्या समीकरणात आहे. वायरमध्ये वाया जाणारी शक्ती करंटच्या वर्गाच्या पटीत वाढते. करंट दुप्पट, तर नुकसान चौपट. ठरावीक ताकद पोचवायची असेल तर व्होल्टेज जेवढं कमी, तेवढा करंट जास्त, आणि तांबं तर वर्गाच्या हिशोबाने जास्त.

या समीकरणाने पहिला मोठा घाम काढला तो एडिसनचा. ४ सप्टेंबर १८८२ ला न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवरचं त्याचं वीजकेंद्र सुरू झालं. पहिल्या दिवशी दिवे सुमारे ४००. बल्बची गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी वाचलीय, पण तांब्याची गोष्ट कोणी सांगत नाही. एडिसनने गल्लोगल्ली जमिनीखाली लोखंडी नळ्या टाकल्या होत्या आणि त्यात अर्धगोल तांब्याच्या कांड्या. धंद्याचा सगळा हिशोब त्या कांड्यांवर येऊन अडकायचा. त्याचा गणिती सहकारी फ्रान्सिस अप्टन हेच आकडे मांडत बसायचा. त्यातून ठरलं की बल्बचा रोध जास्त हवा, म्हणजे करंट कमी लागेल, आणि व्होल्टेज ११० च्या आसपास ठेवावं. म्हणजे बल्ब तसा का बनला, याच्या मागेही तांब्याचा भाव आहे!

एवढं करूनही केंद्रापासून मैलभराच्या पलीकडे वीज नेणं परवडत नव्हतं. मग १८८३ मध्ये एडिसनने तीन तारांच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. दोन जनरेटर एकापुढे एक जोडून बाहेरच्या दोन तारांत २२० व्होल्ट, मधली तार सामाईक. निम्म्याहून जास्त तांबं वाचलं. इकडे इंग्लंडमध्ये विल्यम थॉमसन, म्हणजे नंतरचे लॉर्ड केल्व्हिन, यांनी १८८१ मध्येच एक निबंध वाचला होता की वायर नेमकी किती जाड असावी. वाया जाणाऱ्या विजेचा वर्षाचा खर्च आणि तांब्यात अडकलेल्या पैशाचं वर्षाचं व्याज जिथे सारखे होतात, ती जाडी योग्य. इंजिनीअरिंगला असताना हा केल्व्हिनचा नियम पाच मार्कांसाठी लिहिला होता. तपकीर गल्लीत ५० घेऊ की ७० घेऊ असं करत उभा होतो तेव्हा तोच नियम वापरत होतो, हे घरी आल्यावर कळलं :-)

शहरांनी या कचाट्यातून सुटका करून घेतली. एसी आला, ट्रान्सफॉर्मर आले, हजारो व्होल्टवर वीज दूर जाऊ लागली. मोटारगाडीची मात्र सुटका झाली नाही. का, ते सांगतो.

गाडीत मोठा करंट आणला चार्ल्स केटरिंगने. त्याआधी इंजिन सुरू करायला हँडल मारावं लागायचं, आणि ते उलटं फिरलं की हात मोडायचे. इलेक्ट्रिक स्टार्टर ही कल्पना नवी नव्हती, पण हिशोब करणारे म्हणायचे की एवढं इंजिन फिरवायला मोटर फार मोठी लागेल. केटरिंग आधी नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत होता आणि त्याने गल्ल्याच्या यंत्राला छोटी मोटर बसवली होती. त्याला माहीत होतं, की मोटर दिवसभर चालवायची नसेल, दोन-चार सेकंदच चालवायची असेल, तर छोट्या मोटरला बेदम करंट देता येतो. ती तापते, पण जळायच्या आत तिचं काम संपतं. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये हा स्टार्टर आला. बॅटरीवरच्या विंचचा जन्म मला तरी इथेच दिसतो. विंचची मोटर म्हणजे स्टार्टरचीच थोरली बहीण.

यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट: केटरिंगच्या त्या पहिल्या गाडीत स्टार्टरसाठी २४ व्होल्ट होते! दिवे आणि चार्जिंग ६ व्होल्टवर, आणि स्टार्ट करताना सेल जोडणीत फिरवून २४. त्याला तांब्याचं गणित पक्कं कळलं होतं. पण ही अदलाबदलीची यंत्रणा किचकट होती, आणि पुढे स्वस्त गाड्यांत सगळंच ६ व्होल्टवर आलं. शिशाच्या बॅटरीचा एक सेल २ व्होल्टचा, तीन सेल म्हणजे ६. स्टार्टरची वायर आखूड, मग चालतंय की.

महायुद्धातली जीप ६ व्होल्टची होती. अमेरिकन कंपन्या साधारण १९५३ ते १९५६ या काळात १२ व्होल्टवर गेल्या, कारण मोठ्या व्ही-८ इंजिनांना ६ व्होल्टचा स्टार्टर फिरवेना. सैन्याने मात्र १९५० च्या एम-३८ जीपला थेट २४ व्होल्ट दिले. बाकी जग १२ वर थांबलं ते थांबलंच. १९९० च्या दशकाच्या शेवटी ४२ व्होल्टची टूम निघाली, टोयोटाने २००१ मध्ये जपानमध्ये क्राउनची तशी आवृत्तीही काढली, पण बल्बपासून रिलेपर्यंत प्रत्येक पार्ट बदलायचा खर्च, आणि जास्त व्होल्टेजला कनेक्टरमध्ये उडणाऱ्या ठिणग्या, यात ती योजना बारगळली. २०११ मध्ये जर्मन कंपन्यांनी ४८ व्होल्ट ठरवले, पण तेही १२ च्या जोडीला. टेस्लाचा सायबरट्रक २०२३ मध्ये ४८ वर आला तेव्हा बातमी झाली.

आमच्या धंद्यात याला बॅकवर्ड कंपॅटिबिलिटी म्हणतात. सत्तर वर्षांपूर्वी कोणीतरी तेव्हाच्या गरजेपुरता एक आकडा ठरवला. त्यावर इतकी दुकानं, इतके बल्ब, इतके हॉर्न, इतके मोबाइल चार्जर उभे राहिले की आता तो आकडा हलवायची कोणाची छाती होत नाही. सिस्टिम चालते, फक्त काही कोपऱ्यांत भुर्दंड पडतो. गाडीच्या मागच्या बंपरवरचा विंच हा तसा कोपरा.

भुर्दंड किती, ते बघा. आमची जीप म्हणजे महिंद्राची जुनी डिझेल, १२ व्होल्ट. विंच पूर्ण जोरात ओढताना ४०० अँपिअरच्या आसपास घेतो. बॅटरीपासून चासीच्या कडेकडेने मागे जायला पाच मीटर, परत यायला पाच. ३५ स्क्वेअर एमएमची केबल घेतली तर दहा मीटरला जवळजवळ २ व्होल्ट खाल्ले जातात. म्हणजे ८०० वॉट निव्वळ केबल तापवण्यात, कपड्यांची इस्त्री गेली की हो त्यात! ७० ची घेतली तर १ व्होल्ट, ४०० वॉट. आणि तीच ३५ ची केबल २४ व्होल्टवर असती तर करंट निम्मा, नुकसान २०० वॉट. १२ व्होल्टच्या मोटरला एक व्होल्ट म्हणजे ताकदीचा बारावा हिस्सा. घरच्या २३० ला एक व्होल्ट गेला तर पंख्यालाही कळत नाही.

(जाता जाता: अमेरिकन मापात या ७० च्या जवळची केबल म्हणजे '२/०', म्हणजे दोन शून्यं. ही मापं ब्राउन अँड शार्प कंपनीने १८५७ मध्ये ठरवली. आकडा जेवढा मोठा तेवढी तार बारीक. जाडीकडे जाता जाता शून्य आलं तरी जाड तारा संपेनात, मग दोन शून्यं, तीन शून्यं, चार शून्यं. ऋण आकडे वापरायचं कोणाच्या मनात आलं नाही बहुतेक.)

दुसरा उपाय म्हणजे मागेच दुसरी बॅटरी ठेवायची. एडिसनने तेच केलं होतं, वीज लांब नेता येत नाही म्हणून केंद्रच वस्तीत बांधलं. पण आमच्या जीपमध्ये मागे माणसं बसतात, समोरासमोरच्या बाकांवर. त्यांच्या पायाशी वीस किलोची ॲसिडची पेटी, आणि गाडी चाळीस अंशात कललेली. नको.

आता खरं ते सांगतो. ही आमची दुसरी केबल. पहिली आम्हीच लावली होती, मी आणि मित्राने, आणि अक्कल मीच लढवली होती. २५ स्क्वेअर एमएमची फक्त पॉझिटिव्ह केबल मागे नेली. निगेटिव्ह? चासी आहे की! १८३८ मध्ये स्टाइनहाइलने दाखवून दिलं होतं की टेलिग्राफला परतीची तार लागत नाही, जमीन ते काम करते. मोटारवाल्यांनी तेच चासीबाबत केलं. गाडीतला प्रत्येक दिवा आजही तसाच चालतो. अर्धं तांबं वाचलं म्हणून मी खूश.

टेलिग्राफचा करंट मिलीअँपिअरमध्ये असतो, एवढं माझ्या लक्षात यायला हवं होतं.

ताम्हिणीच्या बाजूला, जुलैत. पुढची चाकं लाल चिखलात गेली, आम्ही मागचा विंच जोडला. मित्र गाडीत, इंजिन रेसवर, म्हणजे अल्टरनेटर चार्ज देत राहील. मी रिमोट घेऊन बाजूला, त्याचा धाकटा भाऊ मागे दोराकडे लक्ष ठेवून. विंच कण्हत कण्हत ओढत होता. वायर बारीक म्हणून व्होल्टेज कमी, व्होल्टेज कमी म्हणून मोटर हळू, हळू म्हणून तोच करंट दुप्पट वेळ. मिनिटभराने मित्र ओरडला, "अरे धूर! पायाखालून धूर येतोय!" मी बटण सोडलं. इंजिन मात्र रेस सोडेना. ॲक्सिलरेटर वर येईना. त्याने डिझेल बंद करायचा नॉब ओढला तेव्हा गाडी गप्प झाली. गिअर न्यूट्रलला होता म्हणून. तो मागच्या गिअरमध्ये असता तर तो धाकटा कुठे उभा होता, ते आम्ही दोघांनीही नंतर एकमेकांना बोलून दाखवलं नाही.

कारण नंतर सापडलं. आमच्या बॅटरीचा निगेटिव्ह इंजिनला जोडलेला. इंजिन रबरी माउंटिंगवर बसतं, त्यामुळे चासी आणि इंजिन यांना जोडते ती फक्त एक विणलेली अर्थ पट्टी. ती गंजून चार धाग्यांवर आली होती. दिव्यांना चार धागे पुरत होते, म्हणून वर्षानुवर्षं कोणाला कळलं नाही. ४०० अँपिअर चासीतून परत आले, त्यांना रस्ता मिळेना, आणि त्यांनी इंजिनकडे जाणारी दुसरी धातूची वाट धरली: ॲक्सिलरेटरची केबल. दोन मिलिमीटरची पोलादी तार. ती लाल होऊन आतलं प्लास्टिक वितळलं आणि जाम झाली. गॅरेजमधले काका म्हणाले, "अहो, स्टार्टरची अर्थिंग गेली की हे असंच होतं, क्लचच्या केबलपण जळतात. विचारायचं तरी ना!" विचारलं नव्हतं.

म्हणून या वेळी दहा मीटर. पाच जायला, पाच यायला, परतीची थेट बॅटरीच्या निगेटिव्हवर. अर्थ पट्टी नवी घातली, तीही ७० ची. शनिवार-रविवार दोन्ही गेले. केबल चासीच्या आतल्या बाजूने नेली, सायलेन्सर उजवीकडे म्हणून डावीकडून, डिझेलच्या नळीपासून हातभर लांब. पत्र्यातून जिथे जाते तिथे भोकाला रबरी ग्रोमेट आणि केबलवर डिझेलच्या जुन्या होजपाइपचं कव्हर, कारण जीप थरथरते आणि पत्र्याची कड करवतीसारखी काम करते. दर वीतभर अंतरावर क्लॅम्प. मागचा प्रॉपेलर शाफ्ट वर-खाली होतो, त्याला लागणार नाही अशी. लग हातोड्याने ठोकले नाहीत, काकांच्या हायड्रॉलिक क्रिंपरने दाबून घेतले. स्टार्टरच्या केबलला फ्यूज नसण्याची चाल जुन्या गाड्यांत केटरिंगच्या काळापासून आहे, ती विंचवाल्यांनीही उचलली. एवढी लांब केबल मात्र कायम जिवंत ठेवायची हिंमत झाली नाही. बॅटरीजवळच कट-ऑफ स्विच टाकला. विंच वापरायचा तेव्हाच चालू, एरवी मागची पाच मीटर मेलेली.

रविवारी संध्याकाळी चाचणी. वडाला पट्टा बांधला, जीप चढावर, ब्रेक अर्धवट दाबलेला, म्हणजे विंचला जोर लागेल. जुन्या केबलवर असंच मोजलं होतं तेव्हा बॅटरीवर १०.६ व्होल्ट होते आणि विंचवर ७.१. या वेळी बॅटरीवर पुन्हा १०.६, आणि विंचवर ९.५. मित्राने मीटर माझ्या हातातून घेऊन स्वतः लावून बघितला. मग त्याने हात खाली घालून पहिल्यापासून शेवटच्या क्लॅम्पपर्यंत केबल चाचपली. कोमट होती.